विश्लेषण : गुडघा बदलला, एक्स-रेही चांगला… तरी दुखणे का राहते?

गुडघा प्रत्यारोपण ही आजच्या सर्वाधिक यशस्वी शस्त्रक्रियांपैकी एक मानली जाते. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या दोन्ही गुडघ्यांवर ऑक्टोबर २००० आणि जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया झाली, तेव्हा ती घराघरांत चर्चेचा विषय होती. आता ती जिल्ह्याच्या ठिकाणीही होते. बहुतेक रुग्णांना तिचा लाभ होतो. मात्र काही जणांचे दुखणे वर्ष उलटले तरी जात नाही. ‘एक्स-रे छान आहे, व्यायाम करा’ एवढेच उत्तर त्यांना मिळते आणि ‘एवढा खर्च करूनही तक्रार संपत नाही’ असे घरच्यांनाही वाटू लागते. हे दुखणे खरे असते का, ते का राहते आणि त्यावर काय करता येते, याविषयी…

हे प्रमाण किती?

वेगवेगळ्या देशांतील अभ्यासांचा एकत्रित आढावा ‘बीएमजे ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. गुडघा बदलल्यानंतर १० ते ३४ टक्के रुग्णांना दीर्घकाळ त्रासदायक वेदना राहतात, असे त्यात आढळले. खुब्याच्या प्रत्यारोपणात हेच प्रमाण ७ ते २३ टक्के होते. म्हणून अस्थिरोगतज्ज्ञ ढोबळमानाने ‘पाचांतील एक’ असा हिशेब सांगतात. याचा अर्थ पाचवा रुग्ण अंथरुणाला खिळतो असा नाही. अनेकांचे दुखणे आधीपेक्षा कमी असते, पण अपेक्षेपेक्षा बरेच जास्त असते.

मग ही शस्त्रक्रिया यशस्वी कशी म्हणायची?

यशाच्या मोजपट्ट्या दोन आहेत. पहिली, बसवलेला कृत्रिम सांधा किती वर्षे टिकला? ‘लॅन्सेट’मध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार संपूर्ण गुडघा प्रत्यारोपणातील सुमारे ८२ टक्के सांधे २५ वर्षे टिकतात. हा आकडा उत्तमच आहे. पण सांधा बदलण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया झाली नाही, म्हणजे तो ‘टिकला’, असे या मोजणीत धरले जाते. रोज रात्री गुडघा धरून बसणारा, पण पुन्हा शस्त्रक्रिया न झालेला रुग्णही त्यात यशस्वी ठरतो. दुसरी मोजपट्टी रुग्णाच्या अनुभवाची : वेदना किती, जिना चढता येतो का, झोप लागते का? इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत २००९ पासून रुग्णांकडून शस्त्रक्रियेआधी आणि सहा महिन्यांनी अशी प्रश्नावली भरून घेतली जाते. पहिली मोजपट्टी सांध्याची आहे, दुसरी माणसाची. दोन्हींची उत्तरे नेहमी जुळतातच असे नाही.

किती काळ दुखणे स्वाभाविक?

पहिले काही आठवडे वेदना आणि सूज असतेच. बहुतांश सुधारणा तीन ते सहा महिन्यांत दिसते आणि वर्षभर थोडी थोडी सुरू राहते. गुडघा काही महिने गरम लागणे, चालताना टकटक आवाज येणे, व्रणाच्या बाहेरच्या बाजूची त्वचा बधिर राहणे या गोष्टी बऱ्याच रुग्णांत दिसतात आणि त्या धोक्याच्या नसतात. महत्त्वाचा टप्पा तीन महिन्यांचा. तोपर्यंत दुखणे हळूहळू उतरत असेल तर थांबता येते. ते तेवढेच राहिले, वाढले किंवा बरे होऊन पुन्हा सुरू झाले, तर ‘वेळ लागतो’ म्हणून सोडून न देता कारण शोधायला हवे.

कारणे कोणती असू शकतात?

काही कारणे गुडघ्यातच असतात. जंतुसंसर्ग हे त्यातील सर्वात गंभीर. तो साधारण एक ते दोन टक्के रुग्णांत होतो आणि काही वेळा ताप नसताना, केवळ सततच्या दुखण्याच्या रूपात महिन्यांनी समोर येतो. याखेरीज सांधा हाडापासून सैल होणे, दोन्ही बाजूंच्या अस्थिबंधांचा ताण असमान राहिल्याने गुडघा डगमगणे, भाग किंचित वळलेला बसणे, वाटी नीट न सरकणे, आत व्रणऊती वाढून गुडघा आखडणे ही कारणे आढळतात.

काही वेळा दुखणे गुडघ्यात जाणवते, पण उगम दुसरीकडे असतो. खुब्याची झीज किंवा कमरेच्या मणक्यात दबलेली नस यांचे दुखणे गुडघ्यापर्यंत उतरते. असे रुग्ण गुडघा बदलूनही तिथेच राहतात. म्हणून तपासणी खुबा आणि कंबर यांच्यासह व्हायला हवी.

एक्स-रे चांगला असूनही दुखते, ते कसे?

एक्स-रेमध्ये हाड आणि धातू दिसतो. मज्जातंतू दिसत नाही. जळजळ, मुंग्या, विजेचा झटका बसल्यासारखी कळ किंवा कपड्याचा स्पर्शही नकोसा होणे ही मज्जातंतूच्या वेदनेची लक्षणे आहेत. दुसरे असे की, दहा-पंधरा वर्षे गुडघा दुखत राहिला असेल तर मज्जासंस्थाच वेदनेबाबत अतिसंवेदनशील होते. मूळ कारण काढून टाकले तरी तिचा इशारा वाजतच राहतो. शस्त्रक्रियेआधी तीव्र वेदना असणारे, शरीरात इतरत्रही दुखणे असणारे, चिंता वा नैराश्याने ग्रासलेले रुग्ण आणि एक्स-रेमध्ये झीज फारशी नसतानाही शस्त्रक्रिया झालेले रुग्ण यांच्यात अशा वेदनेचा धोका अधिक आढळतो. याचा अर्थ दुखणे ‘मनाचे खेळ’ आहे असा नव्हे. वेदना खरी असते, तिचा मार्ग वेगळा असतो.

पुन्हा शस्त्रक्रिया करावी का?

कारण सापडले असेल तर होय. संसर्ग, सैल झालेला सांधा, डगमगणारा गुडघा यांत दुसरी शस्त्रक्रिया उपयोगी पडते. पण कारण न सापडता केवळ ‘दुखते’ म्हणून केलेल्या पुनर्शस्त्रक्रियेचे निकाल निराशाजनक असतात. ही शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड, महाग आणि संसर्गाचा धोका वाढवणारी असते. त्यामुळे आधी निदान हा नियम कटाक्षाने पाळावा. त्यात सीआरपी, ईएसआर या रक्तचाचण्या आणि गरज पडल्यास सांध्यातील द्रव काढून तपासणे येते. हा द्रव तपासण्याआधीच प्रतिजैविके सुरू केल्यास जंतू सापडत नाहीत आणि निदान महिनोन्‌महिने लांबते. ‘अंदाजाने’ दिलेल्या गोळ्यांचा असा तोटा होतो.

मग उपाय काय?

ब्रिटनमध्ये आठ रुग्णालयांत ३६३ रुग्णांवर झालेल्या ‘स्टार’ या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनीही त्रासदायक वेदना असलेल्या रुग्णांची प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्याने सविस्तर तपासणी केली, कारणानुसार फिजिओथेरपी, वेदनातज्ज्ञ, शल्यचिकित्सक किंवा मानसिक आधार यांकडे त्यांना पाठवले आणि वर्षभर फोनवरून पाठपुरावा केला. वर्षअखेरीस त्यांच्या वेदना नेहमीची सेवा मिळालेल्यांपेक्षा कमी होत्या. फरक मोठा नव्हता, पण खरा होता. त्यासाठी नवे यंत्र लागले नाही की नवे औषध.

आखडलेल्या गुडघ्यासाठी पहिल्या दोन-तीन महिन्यांत भूल देऊन तो वाकवता येतो. उशीर झाल्यास त्याचा लाभ घटतो. मज्जातंतूच्या वेदनेवर वेगळी औषधे असतात, ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. औषधाच्या दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने घेणे मूत्रपिंड आणि जठर यांना महागात पडते, विशेषतः मधुमेह वा रक्तदाब असलेल्या ज्येष्ठांना.

भारतात अडचण कुठे आहे?

राष्ट्रीय औषध दर नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमचा, सर्वाधिक वापरला जाणारा सांधा सरासरी १ लाख ५८ हजार रुपयांवरून ५४,७२० रुपयांवर आला (जीएसटी वेगळा). रुग्णांना मोठा दिलासा मिळाला. पण दर ठरला तो वस्तूचा. शस्त्रक्रियेनंतरच्या पाठपुराव्याचे काय, हे रुग्णालयागणिक बदलते. टाके काढले, काही दिवस फिजिओथेरपी झाली की अनेकदा संपर्क संपतो. गावाकडच्या रुग्णाला शहरात तपासणीसाठी येणे म्हणजे गाडीभाडे, सोबतचा माणूस आणि बुडालेली मजुरी.

दुसरी उणीव नोंदीची. स्वीडनने गुडघा प्रत्यारोपणांची राष्ट्रीय नोंदवही १९७५ मध्ये सुरू केली. आपल्याकडे शल्यचिकित्सकांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण ती ऐच्छिक आहे. नोंद नसण्याची किंमत खुब्याच्या प्रकरणात दिसली. जॉन्सन अँड जॉन्सनच्या उपकंपनीने २०१० मध्ये ‘एएसआर’ हा सदोष कृत्रिम खुबा जगभरातून परत मागवला. भारतातील सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांपैकी ३,६००हून अधिक रुग्णांचा मागच लागला नाही, असे सरकारने नेमलेल्या समितीच्या अहवालातून समोर आले. सांधा कुणाला बसवला हेच जिथे ठाऊक नाही, तिथे तो दुखतो का, हे कोण विचारणार?

शस्त्रक्रियेआधी काय विचारावे?

डेन्मार्कमध्ये १०० रुग्णांवर झालेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया आणि व्यायाम मिळालेल्यांपैकी ८५ टक्के रुग्णांना वर्षभरात लक्षणीय आराम पडला. पण शस्त्रक्रियेविना केवळ व्यायाम, आहार आणि औषधे मिळालेल्यांपैकीही ६७ टक्क्यांना तो पडला. गंभीर गुंतागुंती मात्र शस्त्रक्रियेच्या गटात जास्त होत्या. म्हणून निर्णयाआधी तीन प्रश्न विचारावेत : माझ्या गुडघ्याची झीज खरोखर शस्त्रक्रियेइतकी आहे का? मांडी घालणे, उकिडवे बसणे मला जमेल का? तीन महिन्यांनी दुखत राहिले तर पुढे कोण पाहणार? पालिकेच्या नळासारखी एकदा जोडणी झाली की काम संपले, असे हे उपचार नाहीत. बसवलेल्या सांध्याचे नाव, कंपनी आणि क्रमांक असलेली चिकटपट्टी, शस्त्रक्रियेचा अहवाल आणि एक्स-रे जपून ठेवावेत.

तातडीने डॉक्टरांकडे कधी जावे?

ताप, व्रणातून पाणी किंवा पू येणे, वाढती लाली, अचानक पाय टेकता न येणे, पोटरी सुजून दुखणे किंवा धाप लागणे यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पोटरीची सूज आणि धाप हे रक्ताची गुठळी झाल्याचे लक्षण असू शकते.