माणसं उसात अन् मोजणी फेब्रुवारीत : आमदारांच्या जागांचं गणित



काल सोयाबीनची झाडं मोजली. ओळीत मीटरभर पट्टी ठेवायची, झाडं मोजायची, पाच-सहा ठिकाणची सरासरी काढायची. ४५ बाय ५ सेंटिमीटर धरलं तर हेक्टरी साधारण ४ लाख ४४ हजार झाडं बसतात. कृषी सहायक नेहमी सांगतात, मोजणी योग्य वेळी करा. पेरणीनंतर दुसऱ्याच दिवशी मोजलं तर वावर रिकामंच दिसणार. पण म्हणून कोणी पेरणी मोडत नाही.

आता हेच गणित माणसांचं होणार आहे, म्हणून आज पिकाचं सोडून यावर लिहितो.

आपल्या विधानसभेत २८८ आमदार. १९६२ ला २६४ होते, १९६७ ला २७० झाले, १९७८ पासून २८८. तेव्हापासून आकडा हलला नाही. १९७६ च्या घटनादुरुस्तीनं जागा गोठवल्या, अन् पुढच्या दुरुस्तीनं ही गोठवणूक २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. १९७१ ला राज्यात ५ कोटी माणसं होती, म्हणजे २८८ नं भागलं तर एका आमदारामागे पावणेदोन लाख. २०११ ला झाली ११ कोटी २४ लाख, म्हणजे एका आमदारामागे ३ लाख ९० हजार. आमदार तेवढेच, माणसं दुपटीच्या वर.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात २०११ ला ११ लाख ७७ हजार लोक अन् तीन आमदार : वसमत, कळमनुरी, हिंगोली. गोव्यात १४ लाख ५८ हजार लोक अन् चाळीस आमदार. गोव्याचं वेगळं राज्य आहे हे मान्य. पण तिथला माणूस आमदाराच्या दारात पायी जाऊ शकतो, अन् आपल्याकडं औंढ्याच्या माणसाचा दिवस मोडतो, हेही खरंच.

म्हणून माझं सरळ मत : आमदार वाढले पाहिजेत. पण त्याच्याही आधीची गोष्ट, आकडा २८८ च ठेवून नुसती वाटणी बदलायला आपण कडाडून विरोध केला पाहिजे.

काहून? मागचा अनुभव बघा. २००८ ला मतदारसंघांची फेररचना झाली, २००१ च्या लोकसंख्येवर. एकूण आकडा तोच ठेवला. आपल्या कनेरगाव नाक्यावरून पुढं निघालं की विदर्भ लागतो. त्या विदर्भाच्या जागा ६६ वरून ६२ झाल्या. तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याच्या १३ वरून २४. ठाण्याची माणसं वाढली, त्यांना जागा मिळाल्या, यात ठाणेकरांचा दोष नाही. पण ताट तेवढंच ठेवलं की एकाला वाढताना दुसऱ्याच्या पुढचं उचलावं लागतं. अन् उचललं कोणाचं? ज्या गावांतून पोरं कामासाठी ठाण्या-पुण्याला गेली, त्यांचंच.

आता मोजणीचं बघा. येती जनगणना १ मार्च २०२७ या तारखेला धरून आहे, म्हणजे माणसांची मोजणी फेब्रुवारीत. फेब्रुवारीत आपल्याकडचे कोयते कुठं असतात? दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी गाडीत बसतात अन् कारखाना बंद होईस्तोवर परत येत नाहीत. मोजणीच्या दिवसांत माणूस जिथं राहतो, तिथं त्याची नोंद होते. म्हणजे आपल्या वस्तीवरचं कुटुंब मोजलं जाणार कोल्हापूर-सांगलीच्या फडात, नाहीतर कर्नाटकात. रेशन कार्ड इथं, मत इथं, लेकरांची शाळा इथं, अन् डोकं मोजलं तिथं. फडातल्या कोपीवर मोजणारा गेलाच नाही, तर ते कुठंच मोजलं जाणार नाही.

आपण झाडं उगवायच्या आधी मोजत नाही, मग माणसं गावात नसताना मोजून गावाची जागा कशी ठरवता?

आता दुसऱ्या बाजूचं बोलणं. पारावर एक काका म्हणाले, "एक आमदार सापडत नाही, दोन झाले तर दोन सापडायचे नाहीत. वरून पगार, पेन्शन, गाड्या." काकांचं अर्धं बरोबर आहे. घटनेप्रमाणे मंत्री एकूण आमदारांच्या १५ टक्क्यांपर्यंत करता येतात, म्हणजे आमदार वाढले की मंत्र्यांची मर्यादाही वाढते. खर्च होणार, नाही कशाला म्हणायचं. पण काका, खर्चाच्या भीतीनं आकडा गोठवला तरी ठाण्या-पुण्याला जागा द्याव्याच लागतील. त्या आपल्यातून जातील. मग सापडत नसलेला आमदार आणखी तीस गावं घेऊन आणखीच सापडणार नाही.

नुसता आकडा वाढवून भागत नाही, हेही आपण भोगलंय. जिल्हा परिषदेचे सदस्य ५० ते ७५ असायचे. २०२२ मध्ये एका सरकारनं ते ५५ ते ८५ केले, त्याच वर्षी दुसऱ्या सरकारनं परत ५० ते ७५. आकड्यांची ही ओढाताण अन् आरक्षणाचा वाद कोर्टात चालू, अन् इकडं परिषदेची मुदत मार्च २०२२ ला संपून प्रशासक बसला तो वर्षानुवर्षं. खुर्च्या किती यावर भांडण, अन् बसायला कोणीच नाही. पाणंद रस्त्यासाठी जायचं तर कोणाकडं? म्हणून जागा वाढवा म्हणताना निवडणूक वेळेवर घ्या, हेही त्याच दमात म्हणायचं.

वाट नाही असं नाही. जम्मू-काश्मीरला २०२२ मध्ये फेररचना झाली, तेव्हा जागा ८३ च्या ९० केल्या, अन् दुर्गम भाग बघून सरासरी लोकसंख्येत दहा टक्के कमी-जास्तीची मुभा ठेवली. आपल्या विधानसभेलाही घटनेत ५०० पर्यंत जागा आहे. उदाहरणाला २०११ च्याच लोकसंख्येवर ३५० आमदार धरा. एकामागे ३ लाख २१ हजार येतात. ठाण्याला वाढवून मिळतं, अन् हिंगोलीचे तीनाचे चार होतात. कोणाचं उचलावं लागत नाही.

मागण्या तीनच. एक, एकूण जागा वाढवा, कोणत्याही जिल्ह्याची आहे ती जागा कमी करू नका. दोन, माणसांबरोबर अंतर अन् गावांची संख्याही धरा. तीन, ऊसतोडीला गेलेल्यांची नोंद गावाच्या नावावर धरा.

ग्रामसभेत ठराव घ्या. कोयते निघायच्या आधी गावातून कोण, किती, कोणत्या कारखान्याला जातंय याची यादी ग्रामपंचायतीत करून ठेवा. आयोग मसुदा काढतो, हरकती घेतो, जाहीर सुनावणी घेतो, तेव्हा ही यादीच कामी येईल. शेवटचा आदेश निघाला की कोर्टात जाऊनही फारसं हाती लागत नाही. नांग्या वेळेवर भरल्या तरच उपयोग, फुलोऱ्यात बी टोकून काही होत नाही.

तुमच्या गावातून किती कोयते जातात, ते खाली लिहा. सुरुवात तिथूनच करू.

राम राम.