निशाला विचारलं कुणी?

संपादक महाशय,

रविवारच्या पुरवणीतल्या लेखात ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटाला (1994) ‘खलनायक नसलेली, अस्सल नवी कथा’ म्हटले आहे. नवी कशी? तो काढणाऱ्या राजश्रीनेच 1982 मध्ये ‘नदिया के पार’ काढला होता. ही त्याच कथेची श्रीमंत आवृत्ती. मूळ कादंबरी केशवप्रसाद मिश्र यांची, ‘कोहबर की शर्त’.

खलनायक नाही म्हणे. टोमणे मारणाऱ्या मामीच्या मामा थोबाडीत देतो आणि मामी सुधारते! यावर लेखात अक्षर नाही.

लेखातला ‘स्त्रीचा सन्मान’ तर फारच झाला. नायिका निशाची थोरली बहीण पूजा जिन्यावरून पडून मरते. तिच्या तान्ह्या मुलाला आई हवी म्हणून वडीलधारी मंडळी निशाचे लग्न थोरल्या जावयाशी ठरवतात. निशा समजते, नवरा म्हणजे जावयाचा धाकटा भाऊ, तिचा प्रियकर प्रेमच. पत्रिका हातात आल्यावर तिला वराचे नाव कळते! इतक्या सोज्ज्वळ घरात ‘बाळ, तुला चालेल ना?’ एवढे धड विचारायला कुणाला सवड नाही. चौदा गाण्यांना मात्र आहे. शेवटी निशाची चिठ्ठी योग्य हाती देतो तो टफी, म्हणजे कुत्रा. घरात शहाणा तोच.

राहिली लेखातली ‘आपली जोडे लपवण्याची परंपरा’. आपली मराठी परंपरा कानपिळीची. 1988 साली माझ्या लग्नात भावाने नवरदेवाचा कान पिळून पोशाख उकळला. चपला मांडवाबाहेर होत्या तिथेच राहिल्या. लेकीच्या लग्नात मात्र जोड्यांसाठी घासाघीस झाली, आणि पंगत तासभर खोळंबली.

चित्रपटातले रेणुका शहाणे, लक्ष्मीकांत बेर्डे मलाही आवडतात. मुद्दा तो नव्हता.

आपली,
एक वाचक, डोंबिवली