आधी पळापळी, मग शिडी

सकाळी सहाला बेळगावातल्या कुठल्याही मोठ्या मैदानावर जा, जमिनीवर अंथरलेली पट्ट्यांची शिडी दिसणारच. शेजारी रंगीत शंकू, स्टॉपवॉच घेतलेले सर आणि शिडीच्या घरांतून टकाटक पाय टाकणारी पोरं. याला 'एसएक्यू' म्हणतात: स्पीड, अजिलिटी, क्विकनेस. शिडीशी माझं वैर नाही, खो-खोच्या सरावात मीही ती वापरते. पण सात वर्षांचं पोर, चौदा वर्षांची मुलगी आणि कॉलेजातले आपण, सगळ्यांना एकच सराव, हे मला पटत नाही.

मुळात हे तीन शब्द एकाच गोष्टीची तीन नावं नाहीत. २००९ साली बर्लिनमध्ये उसेन बोल्टनं १०० मीटर ९.५८ सेकंदांत मारलं. बंदुकीच्या आवाजानंतर सुटायला त्याला ०.१४६ सेकंद लागले. असाफा पॉवेल ०.१३४ मध्येच सुटला होता, आणि तो तिसरा आला. म्हणजे झटकन सुटणं वेगळं, वेग वेगळा. चपळाई तर तिसरीच. समोरचा काय करतो ते बघायचं, क्षणात ठरवायचं आणि अंग वळवायचं. त्यात डोळे आणि डोकं पायांइतकेच राबतात. शिडीची घरं कुठं आहेत ते आधीच ठाऊक असतं. ती कुणाला हूल देत नाही.

हूल देतो खो-खोतला पळणारा. पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा धरली की त्याला मागं फिरता येत नाही, मधली पट्टी ओलांडता येत नाही. पळणाऱ्याला मात्र दोन्ही मोकळं. म्हणून तो पाठलाग करणाऱ्याचे खांदे वाचत असतो, की आता हा कुठं वळणार. बसलेल्या आठ जणांना खो कधी मिळेल माहीत नाही, मिळाला की उठून सुटायचं. २०२५च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही भारतानं जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. आपल्या गल्लीतला खेळ आहे हो हा, आणि आपण पोरांना फी भरून शिडीवर पाठवतो!

दहा वर्षांखालच्या पोरांना माझ्या मते लंगडी, विषामृत, आट्यापाट्या एवढंच द्यावं. एका पायावर तोल सांभाळत पळणाऱ्याला गाठायचं, यापेक्षा चांगला व्यायाम त्या वयाला कोण शोधून देणार? गेल्या मे महिन्यात एका शिबिरात मी मदतीला होते. तिथं आठ-नऊ वर्षांच्या पोरांच्या वेळा सेकंदात मोजून रोज पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर क्रमानं टाकायचे. शेवटच्या नंबरची तिघं दुसऱ्या आठवड्यात आलीच नाहीत. त्यांचे पाय मंद होते म्हणून ती गेली, असं मी तरी मानत नाही.

सगळ्यात अवघड वय पुढचं. मुलींची उंची साधारण ११-१२व्या वर्षी आणि मुलांची १३-१४व्या वर्षी सर्वांत झपाट्यानं वाढते. पाय लांब होतात, आणि अंगाला त्या नव्या पायांचा हिशेब लागायला वेळ जातो. कालपर्यंत वाऱ्यासारखं पळणारं पोर अडखळतं, काहींना गुडघ्याखालच्या उंचवट्यावर दुखू लागतं. सर म्हणतात, 'आळशी झालाय.' अशा वेळी उड्या कमी कराव्यात. थांबायला आणि उडीनंतर गुडघे आत न वळवता जमिनीवर उतरायला शिकवावं. मुलींना तर हे हवंच, कारण उडी आणि झटक्याचं वळण असलेल्या खेळांत गुडघ्याचा अस्थिबंध तुटण्याचा धोका त्यांना मुलांपेक्षा जास्त असतो. पण नेमक्या याच वयात 'मोठी झालीस आता' म्हणून घरचे त्यांना मैदानावरून उठवतात. त्यावर कुठली शिडी?

आपल्या वयाला शिडी चालेल, पण आधी पायांत ताकद हवी. आणि वीस मीटर जीव तोडून पळालात की दोन मिनिटं निवांत थांबा. धापा टाकत पन्नास फेऱ्या मारल्या तर दमसास वाढेल, वेग नाही.

ज्यांचा कुणी विचारच करत नाही ते म्हणजे सत्तरीतले लोक. पाय घसरला तर दुसरा पाय पटकन टाकता यायला हवा. वयाबरोबर स्नायूंची ताकद घटते, पण ती झटकन लावता येणं त्याहून लवकर घटतं. त्यामुळं हात न टेकता खुर्चीतून चटकन उठणं, भिंतीजवळ आडवी पावलं टाकणं, हलका चेंडू झेलणं हा त्यांचा 'एसएक्यू'. आमची आज्जी व्हरांड्यात रोज दहा मिनिटं करते. 'आता मला ऑलिम्पिकला धाडतेस काय गं?' म्हणते, आणि चेंडू मात्र सोडत नाही.