निवृत्तिवेतन ही खैरात नव्हे

१९८५ साली गोवा विद्यापीठ स्थापन झाले. तत्पूर्वी येथील पदव्युत्तर शिक्षण मुंबई विद्यापीठाच्या पणजी केंद्रातून चाले. स्वतःचे विद्यापीठ हे मुक्त गोमंतकाचे स्वप्न होते. परंतु विद्यापीठ म्हणजे ताळगावच्या पठारावरील इमारती नव्हेत, तेथे राबणारी माणसे होत.

आज देशभर विद्यापीठांतील रिक्त पदांची जाहिरात निघते ती पुष्कळदा कंत्राटी वा तासिका तत्त्वावरील नेमणुकीची. तासिकेवरील अध्यापक आजारी पडला की तास बुडतो आणि त्यासोबत पैसाही. निवृत्तिवेतन तर दूरच! कायम सेवकही निश्चिंत नाहीत. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या मुलकी सेवेत आलेल्यांना बाजाराच्या चढउतारावर अवलंबून असलेली अंशदायी योजना लागू झाली. बहुतेक राज्यांनी तोच कित्ता गिरवला. २०२५ साली केंद्राने निश्चित निवृत्तिवेतनाचा पर्याय दिला, ही सेवकांच्या तक्रारीत तथ्य असल्याची कबुलीच होय.

निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीवरची बक्षिसी नसून सेवेने कमावलेला हक्क आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने नाकरा खटल्यात १७ डिसेंबर १९८२ रोजीच दिला आहे. आरोग्यशिबिरे, योगवर्ग अवश्य भरवावेत. पण उद्याच्या चिंतेवर ते औषध नव्हे. काम कायमचे असेल तर पदही कायमचे हवे, आणि रजा, औषधोपचार व निवृत्तिवेतन यांचा खुलासा जाहिरातीतच हवा, असे आमचे स्पष्ट मत आहे. इतरांचे भविष्य घडविणाऱ्यास स्वतःच्या भविष्याची शाश्वती नसावी, हे कोणत्याही शासनास शोभत नाही.