कावेरीकाठच्या ख्रिस्ती मंडळ्यांना जाहीर आवाहन : मुलांबरोबर मोठ्यांनीही धर्मशिक्षण घ्यावे

ख्रिस्ती मंडळीतले धर्मशिक्षण म्हणजे शास्त्र वाचायला, विश्वास समजून घ्यायला, प्रार्थना करायला आणि त्याप्रमाणे वागायला शिकणे. बाप्तिस्म्यापासून सुरू झालेले हे शिक्षण आयुष्यभर चालायचे असते. अनेक ठिकाणी मात्र ते रविवारच्या शाळेपुरते उरते आणि दृढीकरण झाले की मुलाचे शिकणे थांबते. पुढे तोच मुलगा बाप होतो, तीच मुलगी आई होते, आणि लेकरांनी विचारलेल्या प्रश्नांना घरात उत्तर मिळत नाही. म्हणून तंजावर, कुंभकोणम, पापनाशम, ओरत्तनाडू आणि पट्टुक्कोट्टै या भागांतल्या गावोगावच्या मंडळ्यांनी मुलांच्या वर्गाबरोबर मोठ्यांचाही वर्ग नियमित चालवावा, असे हे आवाहन आहे. मंडळी चर्च ऑफ साउथ इंडियाची असो, लुथेरन असो की रोमन कॅथलिक, गरज सगळीकडे सारखीच आहे.

या भूमीचा वारसा

मोठ्यांनी शिकायला बसणे या प्रदेशाला नवे नाही. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने पाठवलेले बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग आणि हाइनरिख प्ल्युत्शाउ १७०६ च्या जुलैमध्ये तरंगमबाडी या डॅनिश वसाहतीत उतरले. चोविशीतला झीगेनबाल्ग स्थानिक शाळेतल्या मुलांच्या पंगतीला बसून वाळूत तमिळ अक्षरे गिरवायला शिकला. पुढे त्याने मुलामुलींसाठी शाळा काढल्या, आणि १७१५ पर्यंत तरंगमबाडीच्या छापखान्यात तमिळ नवा करार छापून पूर्ण झाला.

गावोगाव शिकवण्याचे काम मात्र उपदेशकांनी केले. तंजावरच्या मराठा राजाच्या फौजेतला राजनायक्कन मुळात कॅथलिक होता. छापील तमिळ शुभवर्तमान वाचून तो लुथेरन मंडळीत आला आणि पुढे उपदेशक झाला. उपदेशक म्हणूनच काम सुरू केलेल्या आरोन यांना १७३३ मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली. प्रॉटेस्टंट परंपरेतले ते पहिले भारतीय पाळक. कॅथलिक मंडळ्यांसाठी वीरमामुनिवर, म्हणजेच जेझुइट धर्मगुरू बेस्की यांनी ‘वेदियर ओळुक्कम’ हा ग्रंथ तमिळमध्ये लिहिला. धर्मशिक्षकाने कसे वागावे आणि कसे शिकवावे, हाच त्याचा विषय आहे.

क्रिस्टियन फ्रीडरिक श्वार्ट्झ १७५० मध्ये भारतात आले आणि १७७८ पासून तंजावरला राहिले. लोकांशी ते तमिळमध्ये आणि दरबारात मराठीत बोलत. १७७८ मध्येच त्यांनी तिरुनेलवेलीजवळच्या पाळयंकोट्टै येथे तंजावरच्या एका मराठी ब्राह्मण विधवेला बाप्तिस्मा दिला. ती क्लॅरिंडा या नावाने ओळखली जाते. तिचे धर्मशिक्षण प्रौढ वयात झाले, आणि तिच्याभोवती जमलेल्या मंडळीच्या १७८० च्या नोंदवहीत चाळीस नावे आहेत. तिरुनेलवेलीच्या मोठ्या ख्रिस्ती समाजाची सुरुवात या मंडळीपासून सांगितली जाते.

तंजावरच्या तुळजाराजांनी आपला दत्तक मुलगा सरफोजी याला श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली सोपवले. सरफोजीराजे हिंदूच राहिले, पण गुरूंच्या निधनानंतर त्यांनी शिल्पकार फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी स्मारक घडवून घेतले. ते आजही तंजावरच्या श्वार्ट्झ चर्चमध्ये आहे. सक्तीविना दिलेल्या शिक्षणाबद्दल शिष्याच्या मनात किती आदर राहतो, हे त्यातून दिसते.

मोठ्यांचा वर्ग का हवा

मार्टिन लूथरने १५२९ मध्ये लिहिलेल्या लहान प्रश्नोत्तरीत दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, पापकबुली आणि प्रभुभोजन यांचे सोपे विवरण आहे. कुटुंबप्रमुखाने घरच्यांना कसे शिकवावे, हे सांगण्यासाठी ती लिहिलेली आहे. म्हणजे घरातल्या मोठ्या माणसाला आधी स्वतःला ते यायला हवे. रविवारी तासभर शिकलेले आठवडाभर टिकते ते घरातल्या बोलण्यामुळे.

दुसरे कारण शाळेचे. पूर्ण सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. अनुदानित शाळेत ते पालकांच्या संमतीशिवाय कोणावर लादता येत नाही. राज्यघटनेच्या २८ व्या कलमातली ही तरतूद योग्यच आहे. त्यामुळे ‘मिशनच्या शाळेत शिकतील’ असे म्हणून मंडळीला आपली जबाबदारी शाळेवर टाकता येणार नाही. हे काम मंडळीचे आणि घराचे आहे.

तिसरे कारण सर्वांत गंभीर आहे. या प्रदेशातल्या चर्चमध्ये वेगवेगळ्या जातींचे लोक दीर्घकाळ वेगळे बसत. कलकत्त्याचे बिशप डॅनिअल विल्सन यांनी १८३३ मध्ये मंडळीतले जातिभेद ताबडतोब आणि कायमचे सोडण्याचा आदेश दिला, तेव्हा तंजावरमधले अनेक लोक मंडळी सोडून गेले. आदेश योग्य होता, पण मनाची तयारी झालेली नव्हती. एका भाकरीचे आणि एका प्याल्याचे सहभागी एकमेकांपासून दूर का बसू शकत नाहीत, हे मोठ्यांनी एकत्र बसून वाचले, बोलले आणि पटवून घेतले पाहिजे. ज्या वर्गात वेगवेगळ्या वस्त्यांतली माणसे एकाच चटईवर बसत नाहीत, त्याला ख्रिस्ती धर्मशिक्षणाचा वर्ग म्हणता येणार नाही.

काय शिकवावे

लहान मुलांना गोष्टी, गाणी आणि छोट्या प्रार्थना पुरेशा आहेत. नऊ-दहा वर्षांनंतर दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना आणि विश्वासांगीकार अर्थासह शिकवावेत. नुसती घोकंपट्टी नको. दृढीकरणाच्या वयात एक शुभवर्तमान सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून घ्यावे आणि आपल्याच प्रदेशातल्या मंडळीचा इतिहास सांगावा. मुलांना प्रश्न विचारू द्यावेत.

मोठ्यांच्या वर्गात वाचन आणि चर्चा असावी. संस्कारांचा अर्थ, विवाह, मुलांचे संगोपन, कर्ज, दारू, मजुरी आणि शेजारधर्म हे विषय शास्त्राच्या प्रकाशात घ्यावेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी एकाने मोठ्याने वाचावे, आणि शिकण्याची इच्छा असेल त्यांना अक्षरओळखही करून द्यावी.

गाण्यातून शिकवण्याची परंपरा तंजावरला आहेच. श्वार्ट्झ यांचे शिष्य वेदनायगम शास्त्री यांनी ‘बेथलेहेम कुरवंजी’ रचून ख्रिस्तकथा तमिळ लोकनाट्याच्या रूपात मांडली. मराठा राजवटीत तंजावरला पोचलेल्या मराठी कीर्तनाचा तिथल्या कथाकालक्षेप या गायन-कथनाच्या प्रकारावर खोल ठसा उमटला, तर महाराष्ट्रात अहमदनगरच्या मराठी ख्रिस्ती मंडळीने कीर्तनालाच धर्मशिक्षणाचे साधन केले. दोन्हीकडच्या मंडळ्यांनी हा ठेवा पुन्हा वर्गात आणावा.

केव्हा आणि कोणी

वेळापत्रक शेतीच्या हंगामावर बसवावे. कावेरीवरच्या मेट्टूर धरणाचे पाणी साधारणपणे १२ जूनला सुटते आणि कुरुवै भाताची धांदल सुरू होते. पुढे सांबा भाताची लावणी येते, मग ऑक्टोबर ते डिसेंबरचा पाऊस आणि पोंगलच्या सुमारास कापणी. या काळात मोठ्यांचा वर्ग आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, तासाभराचा ठेवावा. एप्रिल-मेमध्ये शाळांना सुटी असते आणि शेतीची कामेही कमी असतात. तेव्हा मुलांच्या सुटीतल्या बायबल शाळेबरोबर मोठ्यांचाही सलग वर्ग घ्यावा.

शिकवण्याचा सगळा भार पाळकावर टाकू नये. पोप फ्रान्सिस यांनी मे २०२१ मध्ये धर्मशिक्षकाच्या सेवेला अधिकृत मान्यता दिली. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत उपदेशक आणि बायबल-स्त्रियांची परंपरा जुनी आहे. प्रत्येक मंडळीने किमान एक स्त्री आणि एक पुरुष शिक्षक निवडून त्यांना प्रशिक्षण द्यावे, आणि पुस्तकांचा व प्रवासाचा खर्च मंडळीच्या निधीतून करावा. मुलांचा वर्ग उघड्या दारांनी, दोन प्रौढांच्या उपस्थितीत घ्यावा. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याची माहिती प्रत्येक शिक्षकाला असावी.

प्रत्येकाने काय करावे

पालकांनी मुलांना वर्गाला पाठवावे आणि स्वतःही यावे. पाळकांनी आणि धर्मगुरूंनी उपासनेत वर्गाची घोषणा करून पहिल्या दिवशी हजर राहावे. वडीलजनांनी जागा, दिवा आणि चटयांची सोय करावी. तरुणांनी मोठ्यांना वाचून दाखवावे आणि वृद्धांनी आपल्या वेळची गाणी व गोष्टी मुलांना सांगाव्यात. वर्ग मंडळीतल्या घरांसाठी आहे; तिथे कोणावरही सक्ती नसावी आणि इतर धर्मांविषयी अनादराचा शब्द निघू नये. महाराष्ट्रातल्या मराठी मंडळ्यांनीही आपल्या रविवारच्या शाळेशेजारी मोठ्यांसाठी एक वर्ग उघडावा. ज्या मंडळीत असा वर्ग नाही, तिने येत्या सभेत हा विषय घेऊन शिक्षक, जागा आणि वार ठरवावा.