समता मालकांची, सक्ती खेळाडूंवर

अमेरिकेत फेब्रुवारी महिन्यात ‘सुपर बोल’चा अंतिम सामना आटोपला की व्यावसायिक फुटबॉलची मैदाने ओस पडतात आणि दुसराच खेळ सुरू होतो. नॅशनल फुटबॉल लीग म्हणजे एनएफएलच्या ३२ संघांना काय काय हवे आहे, याच्या याद्या वर्तमानपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून झळकू लागतात. अमक्या संघाला क्वार्टरबॅक हवा, तमक्याची बचावफळी दुबळी आहे, तिसऱ्याकडे पैसा आहे पण माणूस नाही. मार्चमध्ये ‘फ्री एजन्सी’ म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंची खुली भरती होते. एप्रिलच्या अखेरीस ‘ड्राफ्ट’ होतो, म्हणजे महाविद्यालयांतून येणाऱ्या तरुणांची संघवार वाटणी होते. या सगळ्या गदारोळात संघाची गरज काय, यावर तासन् तास चर्चा चालते. खेळाडूची गरज काय, हा रकाना मात्र त्या यादीत नसतो. आम्हाला तोच रकाना महत्त्वाचा वाटतो.

हा फुटबॉल आपल्याकडे खेळतात तो नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन, अंगावर कवच चढवून, एकमेकांना आडवे पाडत पुढे सरकण्याचा हा खेळ आहे. या खेळातील निम्म्याहून अधिक खेळाडू कृष्णवर्णीय आहेत आणि संघांच्या प्रमुख मालकांत मात्र एकही कृष्णवर्णीय नाही. घाम कुणाचा आणि तिजोरी कुणाची, हे एवढ्यावरून स्पष्ट व्हावे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा लढा आमच्या चळवळीला कधीच परका नव्हता. बाबासाहेबांनी १९४६ साली डॉ. ड्युबॉईस यांना पत्र लिहून त्या लढ्याची माहिती मागवली होती. योगायोग असा की, १९३४ पासून कृष्णवर्णीयांना बंद असलेले एनएफएलचे दार त्याच १९४६ साली किलकिले झाले. लॉस एंजेलिस रॅम्स संघाला तेथील सार्वजनिक मालकीचे मैदान हवे होते. कृष्णवर्णीय पत्रकारांनी जाहीर सवाल केला की, जनतेच्या पैशाच्या मैदानावर जनतेतील एका समाजाला मज्जाव कसा? तेव्हा कुठे केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड यांना संघात घेतले गेले. वॉशिंग्टनच्या संघमालकाने तर १९६२ पर्यंत हट्ट सोडला नाही. त्याचे मैदान केंद्र सरकारच्या जमिनीवर होते आणि सरकारने दम भरला, म्हणून तो नमला. मालकांचे हृदयपरिवर्तन झाले नाही. त्यांना कायद्याने आणि दबावाने वाकवावे लागले.

आता ड्राफ्ट म्हणजे काय ते पाहू. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांच्या सूचनेवरून १९३६ मध्ये तो सुरू झाला. नियम साधा आहे. आदल्या हंगामात जो संघ सर्वांत शेवटी आला, त्याला निवडीचा पहिला मान आणि विजेत्या संघाला सर्वांत शेवटचा. अशा सात फेऱ्या होतात. शिवाय देशभरच्या दूरचित्रवाणी हक्कांचा पैसा सर्व संघांत समान वाटला जातो आणि खेळाडूंवर किती खर्च करायचा याची कमाल मर्यादा सर्वांना सारखी असते. या मर्यादेला ‘सॅलरी कॅप’ म्हणतात. १९९४ मध्ये ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती, २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख डॉलर झाली.

वाचकहो, ही रचना जरा निरखून पाहा. खुल्या स्पर्धेचे गोडवे गाणाऱ्या देशातील बडे धनिक आपल्या धंद्यात मात्र मागे पडलेल्याला पुढची संधी देतात आणि मिळकत वाटून घेतात. विजेत्याच्या गुणवत्तेचा गळा घोटला, असा टाहो तेथे कुणी फोडत नाही. आम्ही ही तुलना ताणणार नाही. आरक्षण हा प्रतिनिधित्वाचा आणि हक्काचा प्रश्न आहे, ड्राफ्ट हा धंद्याचा हिशेब आहे. पण खेळ टिकायचा तर सर्वांना उभे राहता आले पाहिजे, हे तत्त्व स्वतःच्या घरात त्यांना चांगले कळते, एवढे नोंदवून ठेवावे.

मात्र ही समता मालकांची, आपापसातली. तिची किंमत मोजतो तो एकवीस-बावीस वर्षांचा तरुण. त्याला कुठल्या गावात राहायचे, कुणाच्या हाताखाली खेळायचे, किती पैसे मागायचे, यातले काहीच ठरवता येत नाही. आपल्याकडच्या आयपीएलच्या लिलावात निदान दोन मालक एकमेकांवर बोली चढवतात आणि खेळाडूचा भाव वाढतो. ड्राफ्टमध्ये बोलीच नसते. ज्या संघाने नाव पुकारले, त्याच्याशीच बोलायचे. एप्रिल २०२५ मध्ये जॅक्सनव्हिल संघाने ट्रॅव्हिस हंटर या खेळाडूसाठी क्लीव्हलँडकडून दुसरा क्रमांक घेतला आणि बदल्यात पुढच्या वर्षीच्या पहिल्या फेरीतील निवडीचा हक्कही देऊन टाकला. म्हणजे जो तरुण अजून महाविद्यालयात खेळत होता, तो कोण हेही ठाऊक नसताना त्याच्यावरील हक्काचा सौदा झाला होता.

संघांची ‘गरज’ कशी तयार होते, तेही समजून घेतले पाहिजे. टेनेसी टायटन्सने २०२४ च्या हंगामात १७ पैकी केवळ ३ सामने जिंकले. त्यांना क्वार्टरबॅक हवा होता आणि त्याचे रक्षण करणारी भिंत हवी होती. मार्च २०२५ मध्ये खुल्या भरतीतून त्यांनी डॅन मूर या रक्षकाशी चार वर्षांसाठी ८ कोटी २० लाख डॉलरचा करार केला. एप्रिलमध्ये पहिल्या क्रमांकावर कॅम वॉर्ड हा क्वार्टरबॅक निवडला, त्याच चार वर्षांसाठी सुमारे ४ कोटी ९० लाखांत. संघाचा जो कणा, तो त्याच्या रक्षकापेक्षा स्वस्त! याच जागेवर खेळणाऱ्या डॅलसच्या डॅक प्रेस्कॉटला २०२४ मधील करारानुसार वर्षाला सरासरी ६ कोटी डॉलर मिळतात. नवा तरुण संघांना इतका ‘गरजेचा’ का वाटतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे. तो चांगला असतो म्हणून हवा असतोच, पण तो स्वस्त असतो म्हणून अधिक हवा असतो. त्याच्यावर वाचलेल्या पैशात बाकीचा संघ उभा करता येतो.

ही स्वस्ताई निसर्गाने आलेली नाही, ती २०११ च्या कराराने आली. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला ५ कोटी डॉलरची हमी मिळाली होती. पुढच्याच वर्षी पहिल्या क्रमांकाच्या कॅम न्यूटनला चार वर्षांसाठी अवघे २ कोटी २० लाखांच्या आसपास मिळाले. नव्या खेळाडूला तीन हंगाम संपेपर्यंत वाढीव करार मागता येत नाही. खेळाडू संघटनेच्या सांगण्यानुसार सरासरी खेळाडूची कारकीर्दच साधारण तीन-साडेतीन वर्षांची. म्हणजे खुल्या बाजाराचे दार उघडते, तोवर बहुतेकांचे गुडघे आणि खांदे संपलेले असतात. त्यातूनही कुणी तरला, तर ‘फ्रँचाइझ टॅग’ लावून संघ त्याला आणखी एक वर्ष अडकवून ठेवू शकतो. पिट्सबर्गच्या लेव्हिऑन बेलने २०१८ मध्ये ते जोखड नाकारले आणि १ कोटी ४५ लाख डॉलरवर पाणी सोडून तो संपूर्ण हंगाम घरी बसला.

मग कुणी म्हणेल, ज्याची गुणवत्ता त्याला मोल. ही गुणवत्ता मोजतात कशी? ड्राफ्टपूर्वी इंडियानापोलिस येथे ‘कम्बाइन’ भरते. तेथे उंची, वजन, तळहाताची लांबी आणि धावण्याचा वेग सर्वांसमोर मोजला जातो. हे दृश्य पाहून अनेक कृष्णवर्णीयांना गुलामांच्या बाजाराची आठवण झाली, यात नवल नाही. त्याच्या जोडीला ‘वंडरलिक’ नावाची १२ मिनिटांत ५० प्रश्नांची बुद्धिचाचणी होती. आमच्या वकील बांधवांना हे नाव ओळखीचे वाटेल. ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर या १९७१ च्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर जी चाचणी होती, त्यात हीच वंडरलिक होती. ज्या चाचणीचा प्रत्यक्ष कामाशी संबंध सिद्ध होत नाही आणि जिच्यामुळे कृष्णवर्णीय बाहेर फेकले जातात, ती बेकायदेशीर, असा निकाल न्यायालयाने दिला. त्यानंतरही ही चाचणी फुटबॉलच्या कम्बाइनमध्ये २०२२ पर्यंत तग धरून होती. आणि एवढे मोजमाप करून निघाले काय? २०२२ च्या ड्राफ्टमध्ये ब्रॉक पर्डी अगदी शेवटचा, २६२ वा निवडला गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो सुपर बोलमध्ये आपल्या संघाचा क्वार्टरबॅक होता. गुणवत्तेची यादी बनवणारे किती पाण्यात असतात, ते यावरून कळते.

याच मोजमापाचे किळसवाणे रूप मेंदूच्या दुखापतींच्या नुकसानभरपाईत दिसले. निवृत्त खेळाडूंच्या बौद्धिक ऱ्हासाची तपासणी करताना कृष्णवर्णीयांची बुद्धी मुळातच कमी असे गृहीत धरणारे कोष्टक वापरले जात होते. मुळात कमी म्हटले की ऱ्हासही कमी ठरतो आणि भरपाई बुडते. केव्हिन हेन्री आणि नजेह डेव्हनपोर्ट हे दोन माजी खेळाडू २०२० मध्ये न्यायालयात गेले, तेव्हा २०२१ मध्ये लीगला ही पद्धत थांबवण्याचे मान्य करावे लागले.

फ्री एजन्सी हे स्वातंत्र्यही कुणी दान दिलेले नाही. पूर्वी करार संपलेला खेळाडू दुसऱ्या संघात गेला, तर जुन्या मालकाला भरपाई द्यावी लागे आणि ती लीगचे आयुक्त ठरवीत. त्या भीतीने कुणी खेळाडू घेतच नसे. खेळाडू संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉन मॅकी यांनी त्याविरुद्ध दावा लावला आणि १९७६ मध्ये अपील न्यायालयाने तो नियम मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग ठरवला. १९७८ मध्ये जेम्स स्मिथ यांच्या दाव्यात तत्कालीन ड्राफ्टही बेकायदेशीर ठरला. मग ड्राफ्ट आजही कसा चालतो? येथे कायद्याची मेख आहे. संघटनेने सामूहिक करारात जे मान्य केले, त्याला मक्तेदारीविरोधी कायदा लागू होत नाही. संघटनेने १९७७ च्या करारात ड्राफ्ट मान्य करून टाकला होता. मॉरिस क्लॅरेट या तरुणाने ड्राफ्टच्या वयोमर्यादेला आव्हान दिले, तेव्हा २००४ मध्ये अपील न्यायालयाने याच तत्त्वावर त्याला परत पाठवले. ज्याला संघटनेत अजून प्रवेश नाही, मत नाही, त्याच्याही पायात तो करार अडकला.

१९८७ चा संप मालकांनी बदली खेळाडू आणून मोडला. तेव्हा संघटनेने वेगळी चाल खेळली. १९८९ मध्ये तिने सामूहिक सौद्याचा आपला अधिकारच सोडून दिला, म्हणजे मालकांची कराराची ढाल गळून पडली. फ्रीमन मॅकनील आणि सहकाऱ्यांच्या खटल्यात १९९२ मध्ये ज्युरीने मालकांविरुद्ध कौल दिला. पाठोपाठ रेजी व्हाइट यांच्या नावाने दाखल झालेल्या दाव्यात तडजोड झाली आणि १९९३ पासून खरी खुली भरती सुरू झाली. आज मार्च महिन्यात जे कोट्यवधींचे करार होतात, त्यामागे ही वीस वर्षांची कोर्टकचेरी आहे. मॅकी यांना उतारवयात स्मृतिभ्रंशाने गाठले. अशा खेळाडूंच्या मदतीच्या योजनेला त्यांच्या पाठीवरील ८८ क्रमांकाचे नाव दिले गेले. आज करार करणाऱ्या किती तरुणांना हे नाव माहीत असेल?

पण कागदावरची मुक्ती आणि व्यवहारातील मुक्ती यांत अंतर असते. कॉलिन केपर्निक यांनी २०१६ मध्ये कृष्णवर्णीयांवरील पोलिसी अत्याचाराच्या निषेधार्थ राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकला. मार्च २०१७ मध्ये ते ‘फ्री एजंट’ झाले. क्वार्टरबॅकची गरज असलेले संघ होते, सुपर बोल खेळलेला क्वार्टरबॅक उपलब्ध होता, तरीही एकाही संघाने त्यांना घेतले नाही. मालकांनी संगनमत केल्याच्या त्यांच्या तक्रारीत २०१९ मध्ये लीगने तडजोड केली. पण मैदान त्यांना परत मिळाले नाही. गरज क्वार्टरबॅकची होती, ताठ मानेची नव्हती.

ताजे प्रकरण तर अधिक डोळे उघडणारे आहे. मार्च २०२२ मध्ये क्लीव्हलँडने डेशॉन वॉटसनला २३ कोटी डॉलरचा संपूर्ण हमीचा करार दिला. असे करार पुन्हा होऊ नयेत म्हणून लीगने मालकांना हमी कमी करण्यास उद्युक्त केले, असे लवादाने जानेवारी २०२५ मध्ये नमूद केले. मात्र मालकांनी प्रत्यक्ष संगनमत केल्याचा पुरेसा पुरावा नाही, असेही म्हटले. हा निकाल खेळाडूंना कळलाच नाही. लीग आणि खुद्द खेळाडूंची संघटना यांनी तो गुप्त ठेवण्याचे ठरवले होते. जून २०२५ मध्ये एका पत्रकाराने तो उजेडात आणला. इतर आरोपांचीही भर पडली आणि जुलैत संघटनेचे कार्यकारी संचालक लॉईड हॉवेल यांनी राजीनामा दिला.

मालक मालकासारखे वागले, यात आश्चर्य नाही. प्रश्न संघटनेचा आहे. जिने न्यायालयात ड्राफ्टला बेकायदेशीर ठरू शकेल असे हत्यार मिळवले, तिनेच करारात ते म्यान केले. आणि जिने वीस वर्षे झगडून खुली भरती मिळवली, तिनेच पुढे आपल्या सभासदांपासून निकाल लपवला. हक्क मिळवायला संघटना लागते हे तर खरेच, पण मिळालेले हक्क टिकवायला संघटनेवर सभासदांचा पहारा लागतो. येत्या ड्राफ्टमध्ये पुन्हा शेकडो तरुणांची नावे पुकारली जातील आणि संघांच्या गरजा पूर्ण झाल्याचे जाहीर होईल. त्या तरुणांच्या गरजेचा रकाना मालक भरणार नाहीत. तो त्यांना स्वतःच, आपल्या संघटनेला जाब विचारून भरावा लागेल.