शहर वगळून गड गाठता येतो काय?

हिवाळ्यात पुण्याहून सायकलींवर सिंहगडी जाणाऱ्या मंडळींत अलीकडे एक सोयीस्कर रीत रूढ झाली आहे : सायकल मोटारीच्या टपावर बांधावयाची, डोणज्याशी उतरवावयाची आणि तेवढा घाट चढावयाचा. शहरातला रस्ता म्हणजे धूर आणि सिग्नल. त्यात काय राम, असा यांचा युक्तिवाद.

मला तो मान्य नाही. घाटात सोबत अशी नसतेच. पहिल्या वळणातच जो तो आपापल्या श्वासापुरता उरतो. सोबत घडते ती दांडेकर पूल ते धायरी फाटा या सपाटीवर, जिथे सर्वांत संथ गड्याची गती हीच साऱ्यांची गती असते (आणि तो गडी बहुधा सर्वांत बोलकाही असतो!).

दुसरे असे, की हे कधीकाळी सायकलींचे शहर होते. २००६ साली बीआरटीसोबत येथे सायकलमार्ग आले, २०१७ साली महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला. तरीही त्या मार्गांवर पुष्कळ ठिकाणी गाड्याच उभ्या दिसतात. टपावरून सायकल नेणाऱ्याला हे बोचणार कसे? पहाटे त्याच रस्त्याने पेपरवाला पोऱ्या आणि रात्रपाळी संपवून परतणारा रखवालदार बिनगिअरच्या सायकली रेटत असतात. त्यांना हा रस्ता वगळता येत नाही. गडावर पिठले-भाकरी खाताना चर्चा मात्र रंगते ती गिअरांच्या किमतींची.